पूडल घेताय? आधी फणी घ्या

पूडल हा उत्तम कुत्रा आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की माझा या कुत्र्यावर राग आहे. राग आहे तो त्याच्या खरेदी-विक्रीच्या रीतीवर. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सध्या पूडलची लाट आहे. मोबाइलवर चॉकलेटी रंगाचं, गोल तोंडाचं पिल्लू दिसतं, रात्री घरात हट्ट सुरू होतो आणि रविवारी पिल्लू दारात हजर. फ्रिज घ्यायचा तर आपण चार दुकानं पालथी घालतो. चौदा वर्षं जगणाऱ्या जिवाचा निर्णय मात्र एका रीलवर होतो.

अशा लाटा आपल्याला नवीन नाहीत. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागे मागे चालला आणि गावोगाव पग आले. चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणं जड जातं, उन्हाळ्यात तो अक्षरशः घरघरतो, हे लोकांना पिल्लू घरी आल्यावर कळलं. मग हस्की आला. बर्फात गाडी ओढणारा हा कुत्रा आपल्या एप्रिल-मेमध्ये एसीच्या खोलीत कोंडला गेला. लाट ओसरल्यावर काय होतं, ते प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कंटाळलेले मालक कुत्रा आणून सोडतात. काही तेवढीही तसदी घेत नाहीत, गाडीत घालून नेतात आणि हमरस्त्यावर उतरवून देतात. पूडलच्या वाट्याला हे यायला नको असेल, तर प्रश्न पिल्लू आणण्याआधी विचारले पाहिजेत.

पूडल विकणाऱ्याची चार वाक्यं ठरलेली असतात. केस गळत नाहीत. अ‍ॅलर्जी होत नाही. फ्लॅटमध्ये मस्त राहतो. फार हुशार आहे. चारही तपासून घेऊ.

पहिलं, केसांचं. पूडलचे केस सोफ्यावर, चादरीवर, काळ्या पँटवर फारसे दिसत नाहीत, हे खरं. पण त्याचं कारण विकणारा सांगत नाही. पूडलचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात आणि जे गळतात ते जमिनीवर न पडता त्याच्याच कुरळ्या केसांत अडकून बसतात. ते काढायचं काम तुमचं. नाही काढलं की गुंता होतो. कानामागे, काखेत, हार्नेसचा पट्टा जिथे घासतो तिथे आणि शेपटीच्या बुडाशी तो आधी होतो. वरून कुत्रा मऊ, फुगीर, फोटोत देखणा दिसतो. खाली कातडीलगत केसांची गच्च गादी तयार होत असते. वरवर ब्रश फिरवून ती कळत नाही. केसांचा एकेक थर हाताने उलटा धरायचा, मुळापासून टोकापर्यंत ब्रश करायचा आणि शेवटी धातूची फणी कातडीला लागेल अशी घालून ओढायची. फणी कुठेही न अडकता बाहेर आली, तर त्या दिवसाचं काम झालं. केस लांब ठेवायचे असतील तर हे रोज, अगदी बारीक कापले असतील तरी दिवसाआड.

हे न केलेला कुत्रा ग्रूमरच्या टेबलावर कसा दिसतो, ते एकदा जाऊन बघा. गुंता सोडवण्यापलीकडे गेलेला असतो, त्यामुळे मशीन कातडीला लावून सगळे केस उतरवावे लागतात. अख्खा थर एकसंध सुटून येतो. खाली लाल, ओलसर, खाजवून फोडलेली कातडी असते, क्वचित गोचिडांची रांगही असते. कुत्रा थरथरत उभा असतो आणि मालक विचारत असतो, ‘केस एवढे कमी का केलेत?’ गुंता कातडी ओढतो, पाऊल टाकताना काखेत चिमटे बसतात. हा कुत्रा कित्येक आठवडे ते सोसत आलेला असतो. त्याला दोष देऊ नका, ग्रूमरलाही देऊ नका.

शिवाय पाच-सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे जायचंच आहे. वर्षाला नऊ-दहा खेपा धरल्या तर त्याच्या आयुष्यात सव्वाशेच्या घरात जातात. तुमच्या भागातल्या ग्रूमरचा दर विचारा, त्याला सव्वाशेने गुणा. पिल्लाची किंमत त्यापुढे किरकोळ वाटेल. घरीच मशीन चालवायला शिकलात तर पैसे वाचतील, वेळ वाचणार नाही.

दुसरं वाक्य, अ‍ॅलर्जीचं. यावर विश्वास ठेवून आजवर कितीतरी पिल्लं घरात आली आणि महिन्याभरात परत गेली. अ‍ॅलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेतली, कोंड्यातली, मूत्रातली प्रथिनं ती घडवून आणतात. पूडललाही जीभ आहे, कातडी आहे. अमेरिकेत डेट्रॉईटच्या संशोधकांनी २०११ साली ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ आणि इतर जातींचे कुत्रे असलेल्या घरांमधली धूळ तपासली. कुत्र्याच्या मुख्य अ‍ॅलर्जी-प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर या तथाकथित सुरक्षित जातींच्या केसांवर ते प्रथिन जास्त आढळलं.

लॅब्राडूडलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८९ साली ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरॉन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईंची मागणी आली. नवऱ्याला अ‍ॅलर्जी होती, म्हणून कमी केस गळणारा कुत्रा हवा होता. कॉनरॉन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. मात्र त्या वेतातलं प्रत्येक पिल्लू त्या गृहस्थांना चाललं नाही. हा मुद्दा जगाने सोडून दिला आणि संकराचं नाव तेवढं उचललं. पूडलच्या नावाला काहीही जोडून पिल्लं विकण्याचा बाजार उभा राहिला. २०१९ साली कॉनरॉन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की त्यांना या कामाचा पश्चात्ताप होतो. तेव्हा घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर पूडल असलेल्या घरी त्या माणसाला घेऊन जा. दोन-तीन तास बसा, कुत्र्याला मांडीवर घ्या, चाटू द्या. पुन्हा जा, पुन्हा बसा. डॉक्टरांशी बोला. मगच पिल्लाचे पैसे द्या.

तिसरं वाक्य, फ्लॅटचं. पूडल फ्लॅटमध्ये राहतो, पण बसून राहत नाही. शोभेचा कुत्रा म्हणून तो घडलेला नाही. युरोपात शिकाऱ्यांनी पाडलेली बदकं थंडगार पाण्यातून पोहून आणणं हे त्याचं मूळ काम. प्रदर्शनांत दिसणारा त्याचा तो अर्धा मुंडलेला अवतारसुद्धा याच कामातून आला असं सांगितलं जातं: पोहायला हलकं वाटावं म्हणून अंग भादरायचं आणि थंडी लागू नये म्हणून छाती नि सांधे झाकलेले ठेवायचे. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत, जिथे कुत्रे शेकडो मैल बर्फातून गाडी ओढतात, तिथे १९८८ ते १९९१ या काळात जॉन सूटर नावाच्या माणसाने स्टँडर्ड पूडल जुंपले. पुढे आयोजकांनी फक्त उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या जातींनाच परवानगी देणारा नियम केला. त्या थंडीत पूडलच्या केसांचे हाल होत, ते सोसणं त्याच्यावर लादायला नकोच होतं. पण त्याच्या अंगातली रग यातून कळावी.

अशा कुत्र्याला सकाळी आठला बाल्कनीच्या काचेमागे सोडून रात्री आठला परत येणार असाल, तर तो भुंकणार. दार ओरबाडणार. स्वतःचे पंजे चाटून चाटून लाल करणार. पूडल माणसाला फार चिकटून असतो. तो एकटं राहायला शिकतो, पण ते शिकवावं लागतं, मिनिटा-मिनिटाने वाढवत न्यावं लागतं. सोसायटीचे चेअरमन कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाहीत, लिफ्ट नाकारू शकत नाहीत, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. हा हक्क तुमचा आहे आणि तो ठामपणे बजावा. पण शेजारच्या आजारी आजोबांना दिवसभर भुंकणं ऐकावं लागत असेल तर कायद्याचा कागद दाखवून ते थांबत नाही. तो कुत्रा एकटेपणाने रडत असतो. मालकाने घरी असणं हाच त्यावर उपाय.

चौथं वाक्य, हुशारीचं. हे पूर्ण खरं आहे आणि म्हणूनच सगळ्यात अवघड. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ सालच्या पुस्तकात कुत्र्यांच्या जाती आज्ञा शिकण्याच्या क्षमतेनुसार लावल्या. पहिला बॉर्डर कॉली, दुसरा पूडल. या गटातले कुत्रे नवी आज्ञा पाचपेक्षाही कमी वेळा सांगितली तरी शिकतात. पण जो पाच वेळांत ‘बस’ शिकतो, तो पाच वेळांत हेही शिकतो की जेवणाच्या टेबलाशी भुंकलं की चपातीचा तुकडा मिळतो आणि नखं कापताना गुरगुरलं की माणूस मागे हटतो. टॉय पूडलच्या बाबतीत हे सर्रास घडतं. तीन किलोचं गुरगुरणं घरच्यांना गोड वाटतं, त्याचा व्हिडिओ काढला जातो. वर्षभराने तोच कुत्रा पाहुण्यांच्या पोराला चावतो. लॅब्राडोरला जे शिकवता ते सगळं टॉय पूडललाही शिकवा: बसणं, थांबणं, सोडणं, तोंड-कान-पाय हाताळू देणं. शिवाय रोज त्याच्या डोक्याला खाद्य द्या. खेळणं लपवा, शोधायला लावा. वस्तूंची नावं शिकवा. दहा-दहा मिनिटं दोनदा पुरतात, पण रोज.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरने आयुष्यभर एकामागून एक पूडल पाळले. उपनिषदांचा तो चाहता. कुत्र्याचं नाव ‘आत्मा’ ठेवलं होतं. माणूसजातीबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण फ्रँकफर्टमध्ये पूडलला घेऊन रोज लांब फिरायला जायचा त्याचा नेम होता. पूडल पाळण्याची अट तीच आहे. फिरवायला ‘मावशी नेतील’, ‘वॉचमनला सांगू’ असा बेत असेल तर तो कुत्रा मावशींचा होईल. ते त्याच्या दृष्टीने वाईट नाही, पण मग तुम्ही कशाला घेताय?

आता कोणता पूडल? जागतिक श्वान महासंघाच्या मापात चार आकार आहेत. खांद्यापाशी उंची धरली तर स्टँडर्ड साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर, मीडियम ३५ ते ४५, मिनिएचर २८ ते ३५ आणि टॉय २४ ते २८. ‘टीकप पूडल’ नावाची जात कुठल्याही मान्यवर केनेल क्लबच्या यादीत नाही. टीकप म्हणजे मुद्दाम खुरटवलेली किंवा अशक्त जन्मलेली पिल्लं एकमेकांशी लावून काढलेला जीव. त्याच्या रक्तातली साखर एक वेळचं खाणं चुकलं तरी घसरते, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. ‘टीकप आहे’ असं सांगून जो जास्त पैसे मागेल, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. तुम्ही दिलेल्या पैशांतून पुढचं वेत तयार होतं.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर टॉय पूडलही नको. मूल वाईट वागेल म्हणून नव्हे, ते उचलून घेईल आणि कुत्रा हातातून निसटेल म्हणून. अशा घराला मिनिएचर बरा, जागा आणि पायांत दम असेल तर स्टँडर्ड त्याहून बरा. स्टँडर्ड आपल्याकडे कमी दिसतो, पण स्वभावाने बहुधा तोच सगळ्यात शांत.

ब्रीडरकडे जाल तेव्हा आधी पिल्लाची आई बघायला मागा. ती दाखवत नसेल तर चप्पल घाला आणि निघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले. त्यानुसार ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू ‘लवकर माणसाळतं’ म्हणून गळ्यात घालणारा नियम मोडतोय आणि पिल्लाला आईपासून तोडतोय. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. म्हणून आई-बापाचे तपासणी अहवाल वेगळे मागा: टॉय आणि मिनिएचरमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आजार घराण्यातून येतो, स्टँडर्डमध्ये खुब्याचे सांधे, अ‍ॅडिसनचा आजार आणि पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो. ‘एवढं कुणी विचारत नाही हो’ असं ब्रीडर म्हणेल. तुम्ही विचारा.

आपल्या हवेबद्दल आणि आपल्या स्वयंपाकघराबद्दलही बोलायला हवं. पावसाळ्यात पूडल ओला राहिला की दोन दिवसांत गुंता आणि तिसऱ्या दिवशी कातडीला वास. लोंबत्या कानांच्या आत केस वाढतात, दमट हवेत तिथे संसर्ग होतो. कान दर आठवड्याला उघडून बघायचे, हुंगायचे. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या कडांना, शेपटीखाली गोचीड चाचपायचे. दाट केसांत मुगाएवढा गोचीड सहज लपतो आणि त्याच्या चावण्यातून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून आपल्याकडे केस बारीक ठेवणं हेच शहाणपण. पूडलला आतला लोकरीचा थर नसतो, त्यामुळे बारीक कापल्याने त्याचं काही बिघडत नाही. फक्त कातडी उघडी पडेल इतके कापू नका. स्वयंपाकघरातली गोष्ट याहून गंभीर. शिऱ्यातले बेदाणे, डब्यातली द्राक्षं, भाजीतला कांदा-लसूण, मुलांचं चॉकलेट, हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. तीस किलोच्या कुत्र्याला जे कदाचित पचेल, ते तीन किलोच्या पूडलचं मूत्रपिंड बंद पाडू शकतं. ‘प्रसादाचा एक घास’ देणाऱ्या आजींना हे हात जोडून, पण स्पष्ट सांगा.

शेवटचा हिशेब वयाचा. छोटा पूडल चौदा-पंधरा वर्षं सहज जगतो. दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला पिल्लू दिलंत, तर मूल अठराव्या वर्षी होस्टेलला जाईल, बाविसाव्या वर्षी कदाचित परदेशात. तेव्हा कुत्रा बारा वर्षांचा असेल, डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात किडके दात, दिवसातून चारदा खाली न्यावा लागणारा. त्याला जिन्यावरून उचलून नेणारे गुडघे तुमचे असतील. म्हणून मुलाने हट्ट केला तरी निर्णय मोठ्यांनी स्वतःसाठी घ्यायचा. मुलांची वचनं खरी असतात, पण त्यांचं आयुष्य त्यांना पुढे नेतं आणि नेलंच पाहिजे.

मग पूडल घ्यावा कुणी? ज्यांच्या घरात दिवसाचा बराच वेळ कुणीतरी असतं त्यांनी. ज्यांना शिकवायला आवडतं त्यांनी. पाय धडधाकट असलेल्या निवृत्त जोडप्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी. ज्यांना संध्याकाळी अर्धा तास एका जिवाच्या अंगावरून फणी फिरवत बसणं कंटाळवाणं वाटत नाही त्यांनी. अशा घराला पूडलसारखा सोबती क्वचित मिळेल. तो तुमच्या चेहऱ्यावरचा बदल आधी ओळखतो, नवी गोष्ट आनंदाने शिकतो आणि म्हातारपणीही खेळायला तयार असतो.

ज्यांना कमी कटकटीचा कुत्रा हवा आहे, त्यांनी आपल्या देशी कुत्र्याकडे बघावं. निवाऱ्यांत पिल्लं वाट बघत आहेत. केस आखूड, आपली हवा मानवलेली. केस गळतात, पण ते झाडूने निघतात. शिकवणं, फिरवणं, लस देणं त्यालाही लागतंच.

आणि तरीही पूडलच हवा असेल, तर पिल्लू बुक करण्याआधी एक महिना परीक्षा द्या. रोज सकाळी साडेसहाला पाऊण तास चालून या, पावसातही. रोज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून अर्धा तास एका जागी बसा. तो वेळ फणीचा. दर रविवारी कुठेही जायचा बेत करण्याआधी ‘घरी कोण थांबणार?’ हा प्रश्न सोडवा. महिनाभर हे जमलं, तर एक धातूची फणी विकत आणा आणि मग नोंदणीकृत ब्रीडरला फोन करा. मध्येच सुटलं, तर पूडल तुमच्यासाठी नाही, आणि हे आत्ता कळणं तुमच्याही हिताचं आहे आणि त्याच्याही.